मंठेकर माणूस आहे, याचा पुरावा

मराठवाड्यातल्या मंठ्यात दुकानाच्या पायरीवर टेकायला भाडं पडत नाही. माणूस येतो, बसतो, तंबाखू मळतो, आत ठेवलेल्या पाणबुडी मोटारीकडे बोट करून "ही कितीला?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत जीपमध्ये बसून निघूनही जातो. दुकानदार मनावर घेत नाही. आज पायरीवर टेकलेला माणूस पुढच्या हंगामात गल्ल्यापाशी येतो, एवढा अनुभव त्याच्या गाठीला असतो.

गूगलवरच्या जाहिरातीने या पायरीला मीटर बसवलं. तिथे कुणी नुसतं डोकावलं तरी पैसे कापले जातात, आणि तेही डोकावणाऱ्याचे नाही, दुकानदाराचे. मग आलेल्यांत गिऱ्हाइकं किती, रिकामटेकडे किती आणि माणसाचं सोंग घेतलेली मशिनं किती, हा हिशेब लावणं भाग पडतं. या मशिनांना बॉट म्हणतात. त्यांना ओळखायचं एक शास्त्रही तयार झालं आहे. ते बऱ्यापैकी चालतं; फक्त मंठ्यात आलं की घोटाळा होतो.

क्लिकमागे पैसे घेण्याची युक्ती 1998 ची. अमेरिकेतल्या बिल ग्रॉस यांनी गोटू डॉट कॉम नावाचं सर्च इंजिन काढलं आणि जाहिरातदारांना सांगितलं, की नुसतं नाव दिसल्याचे पैसे देऊ नका, कुणी त्यावर क्लिक केलं तरच द्या. जो जास्त बोली लावेल तो वर. गूगलने 2000 साली आपली जाहिरातसेवा सुरू केली ती दिसण्याच्या भावाने, पण 2002 मध्ये तिथेही क्लिकचा लिलाव आला. अजून न आलेल्या माणसाच्या, अजून न उचललेल्या बोटावर बोली लागू लागली.

बोटाला भाव आला म्हटल्यावर बोटं भाड्याने मिळायला कितीसा वेळ लागणार? यात आपला देश मुळीच मागे नव्हता. मे 2004 मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बातमी आली, की आपल्या महानगरांत गृहिणी, पदवीधर, अगदी नोकरदारसुद्धा घरबसल्या जाहिरातींवर क्लिक करून महिन्याला शंभर-दोनशे डॉलर मिळवतात; एका क्लिकला 18 ते 25 सेंट. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत अमेरिकेतल्या एखाद्या वकिलाचं दिवसाचं जाहिरातीचं बजेट संपवणारी ती गृहिणी कुठल्याही तपासणीत शंभर टक्के माणूसच ठरली असती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गूगलचे वित्तप्रमुख जॉर्ज रेयेस यांनी हे प्रकरण धंद्याच्या मुळावर येऊ शकतं, असं उघडपणे बोलून दाखवलं.

पुढच्याच वर्षी आर्कान्सा राज्यातल्या लेन्स गिफ्ट्स या भेटवस्तूंच्या दुकानाने गूगल, याहू वगैरे मातब्बरांना कोर्टात खेचलं. खोट्या क्लिकांचे पैसे आमच्या माथी मारले, ही तक्रार. गूगलने 2006 मध्ये 9 कोटी डॉलरवर तडजोड केली. त्यातले 3 कोटी वकिलांना गेले, हे सांगायची गरज नाही. वकील कुठलेही असोत, वकीलच असतात. उरलेली रक्कम जाहिरातदारांना मिळाली ती पुढच्या जाहिराती करायच्या सवलतीच्या रूपात. क्लिकांनी बुडालेल्याची भरपाई आणखी क्लिकांनी झाली.

याच खटल्यात न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गूगलची यंत्रणा आतून तपासली. यंत्रणेचे प्रयत्न वाजवी आहेत असा निर्वाळा त्यांनी दिला, पण गोमही सांगून ठेवली: क्लिक करणाऱ्याची नियत काय होती, हे नुसतं क्लिक पाहून दर वेळी सांगता येत नाही. आता नियत ओळखण्यासाठी प्राध्यापक बोलवावा लागतो, हेच मंठ्यात कुणाला पटणार नाही. इथे माणूस रस्ता ओलांडायच्या आत तो उधारी मागायला येतोय की द्यायला, हे समोरचा चहावालासुद्धा सांगतो.

तर आता मंठ्यातलं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे मोटार भरून द्यायचं, एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. बाहेर जळक्या मोटारी रांगेने पडल्यात, आत मिस्तरी तांब्याच्या तारेचे वेढे घालतोय, आणि शेजारी छत्रपती संभाजीनगरहून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आलेला भाचा लॅपटॉप उघडून बसलाय. मामाची जाहिरात भाच्याने लावली आहे. संशयित क्लिक कसे ओळखावेत याची कोर्समध्ये मिळालेली यादी त्याच्या हातात आहे.

"मामा, रात्री दोन ते चार नुसते क्लिकच क्लिक आहेत. एवढ्या रात्री माणूस काय शोधणार? हे बॉट आहेत."

मामा वेढे मोजायचं थांबवत नाही. "या आठवड्यात शेतीची लाईट कधीची हाय?"

"रात्रीची."

"मंग?"

यादी जिथे लिहिली गेली तिथे रात्री दोनला माणसं झोपतात. मंठा तालुक्यात शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. दिवसा वीज द्यायच्या सौर योजना 2017 पासून निघाल्या आहेत. त्या जिथे पोचल्या नाहीत तिथे माणूस अजून रात्री दोनला, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं घेऊन हरभऱ्याला पाणी देत उभा असतो. अशात डीपीवरची एक फेज उडते, मोटार घूंऽऽ करते, जळका वास येतो आणि सगळं गार. तो त्याच अंधारात, त्याच चिखलात उभा राहून फोन काढतो आणि शोधतो, ‘मोटार जळाली मंठा’. साऱ्या महाराष्ट्रात त्या घडीला त्याच्याइतकं गरजू गिऱ्हाईक दुसरं नसेल, आणि यादी त्याला मशीन म्हणते.

दुसरी खूण: एकाच आयपी पत्त्यावरून भाराभर क्लिक. आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि एकाच घरातून इतके क्लिक म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय, असा तर्क. पण मोबाईल कंपन्या एका पत्त्यामागे हजारो ग्राहक बसवतात, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगात पुरेसे उरलेलेच नाहीत. म्हणून तळणीचा शेतकरी, मंठ्याचा मास्तर आणि परतूरचा व्यापारी एकाच पत्त्यावर नांदत असू शकतात, एकमेकांचं तोंड न बघता. असा पत्ता बंद करायची सोय गूगलच्या जाहिरातींत आहे. एका मोहिमेत असे 500 पत्ते बंद करता येतात. भाच्याने उत्साहाने एक केला, तर एका बॉटबरोबर निम्मा तालुका बंद व्हायचा.

तिसरी खूण: क्लिक करणारा जाहिरातीच्या भागाबाहेरचा दिसतो. मोबाईलचा डेटा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडतो, त्यामुळे बांधावर बसलेल्या माणसाची नोंद मुंबईची होऊ शकते. ज्याने मुंबई टीव्हीवर पाहिली तो कागदोपत्री मुंबईकर होऊन आपल्याच गावात मोटार दुरुस्त करायला माणूस शोधतो.

चौथी खूण: आला आणि शून्य सेकंदात गेला. दुकानाचं पान उघडेपर्यंत रेंज गेली, किंवा पान उघडलं आणि तेवढ्यात "आली रे, लाईट आली!" अशी हाक आली, तर माणूस फोन खिशात घालणार नाही तर काय करणार?

पाचवी खूण: तोच फोन पुन्हा पुन्हा त्याच जाहिरातीवर. यात कुणा स्पर्धकाचा डाव असेल, अशी शंका येते. खरी हकिगत अशी, की मिस्तरीचा नंबर सेव्ह करायचा असतो हे त्या गिऱ्हाइकाला सुचतच नाही. काम पडलं की तो गूगलवर शोधतो, सगळ्यांत वर जे येतं ते दाबतो, आणि सगळ्यांत वर जाहिरात असते. ‘मोटार पोचली का’, ‘मोटार झाली का’, ‘पैसे किती झाले’, ‘दुकान उघडं हाय का’ या चार प्रश्नांसाठी त्याने जाहिरात चार वेळा दाबलेली असते. शिवाय त्याला एकदा दाबून भरवसा वाटत नाही, तो दोनदा दाबतो. बरं झालं, मधल्या काळात सुधारणा झाली: 2005 च्या सुरुवातीपर्यंत गूगल अशा लागोपाठच्या दुसऱ्या क्लिकचेही पैसे लावत असे, तुझिलिन यांच्या अहवालातच ते नोंदलंय. आता दुसरा क्लिक आपोआप अवैध धरला जातो.

सहावी खूण: पानावरचा फॉर्म भरत नाही. या खुणेवर तर अख्खा मराठवाडा बॉट ठरेल. फॉर्म हा तलाठ्याकडे, बँकेत आणि सेतू केंद्रात भरायचा असतो, तोही पैसे देऊन दुसऱ्याकडून. मोटारीसाठी फॉर्म भरणारा माणूस मंठ्यात जन्माला यायचा आहे.

यादी संपते तेव्हा निष्कर्ष एकच निघतो, की मंठ्याचा माणूस हा माणूस नाही.

आता खरा बॉट कसा असतो ते पाहू. तो अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या अ‍ॅशबर्न गावचा असतो. तिथे डेटा सेंटरांची दाटी आहे, आणि वेबसाइटचे आकडे बघणाऱ्या कुठल्याही माणसाला हे गाव पाठ असतं. तो मोबाईल वापरत नाही, लिनक्सवाला संगणक वापरतो. पानावर येतो, शांतपणे खालपर्यंत वाचतो, नेमकं तेवढंच थांबतो, दर वेळी तेवढंच. आणि फॉर्म दिसला की सोडत नाही. नाव, आडनाव, ईमेल, पिनकोड, निरोप, सगळं भरतो. पत्ता सोडला तर भाच्याच्या यादीप्रमाणे हे आदर्श गिऱ्हाईक.

अर्थात अ‍ॅशबर्नचा असला म्हणून बॉटच, असंही नाही. त्या भागात मराठी आयटीवाले कमी नाहीत. त्यांतल्या कुणाचे वडील अजून शेतावर असतात, मोटार जळाल्याचं फोनवर पोराला सांगतात, आणि पोरगा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिथून इथला मिस्तरी शोधतो. पण तो ओळखू येतो. फॉर्म तोही भरत नाही. थेट फोन करतो आणि पहिल्याच वाक्यात आपण कुणाचा कोण ते सांगतो.

बॉट पकडायची सगळ्यांत मजेदार युक्ती या फॉर्मातच आहे. फॉर्मात एक रकाना असा ठेवायचा, जो स्क्रीनवर दिसत नाही पण आतल्या कोडमध्ये असतो. माणसाला दिसत नाही म्हणून तो भरत नाही. बॉट कोड वाचतो, त्याला रकाना सापडतो आणि तो इमानेइतबारे भरून मोकळा होतो. मशीन पकडलं जातं ते त्याच्या अति सज्जनपणामुळे. आमचा माणूस दिसणारे रकाने भरत नाही, न दिसणारा कुठून भरणार! या एका परीक्षेत अख्खा तालुका पहिल्या श्रेणीत पास होतो.

उलट जी परीक्षा माणसासाठी म्हणून काढली, तिच्यात तो नापास व्हायची भीती आहे. ‘मी रोबोट नाही’ म्हटलं की नऊ चित्रं येतात आणि हुकूम होतो, यातले फायर हायड्रंट निवडा. फायर हायड्रंट म्हणजे परदेशात रस्त्याकडेला असतो तो आग विझवायचा बुटका लाल नळ. मंठ्याच्या माणसाने नळ पाहिलेत, त्यांना पाणी येण्याची वाटही पाहिली आहे, पण असा नळ पाहिलेला नाही. डीपी निवडा, स्टार्टर निवडा, जळकी मोटार निवडा म्हणा, डोळे मिटून दाखवील.

तसं मशीन आणि माणसातलं अंतर मंठ्यात आधीच बरंच मिटलंय. इथे मोटारीलाही स्वतःचं सिमकार्ड असतं. मोबाईल स्टार्टर बसवला की माणूस घरून मोटारीला फोन लावतो, मोटार चालू होते, वीज गेली की मोटार उलटा निरोप धाडते. जगाची तक्रार आहे की मशिनं माणसाचं सोंग घेऊन फोन करतात. आमच्याकडे माणसंच मशिनीला फोन करतात, आणि ती उचलते याचं कौतुक सांगत फिरतात.

बाहेरच्या जगात ही सरमिसळ गुन्ह्याच्या थराला गेली. नोव्हेंबर 2011 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एक टोळी उघडी पाडली. तिने जगभरातल्या सुमारे 40 लाख संगणकांत व्हायरस घालून त्यांचे क्लिक आपल्या सोयीच्या जाहिरातींकडे वळवले होते. म्हणजे संगणक खऱ्या माणसाचा, बोट खऱ्या माणसाचं, क्लिक मात्र चोरांच्या खात्यात. 2017 मध्ये थायलंडमध्ये कंबोडियाच्या सीमेजवळच्या एका घरात पोलिसांना शेकडो फोन आणि साडेतीन लाखांच्या आसपास सिमकार्डं सापडली; तिथून चीनमधल्या समाजमाध्यमांवर लाईक वाटले जात. त्याच वर्षी नोएडात ‘क्लिक करा, एका क्लिकचे 5 रुपये घ्या’ अशी योजना चालवणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. हजारो रुपये भरून लाखो लोक तिचे सभासद झाले होते. बॉट स्वतःला माणूस म्हणवून घेण्यासाठी धडपडत होते, आणि इकडे माणसं पदरचे पैसे भरून बॉट होत होती. ‘व्हिडिओला लाईक करा, घरबसल्या कमवा’ असे मेसेज अजून येतात, तेव्हा ही भरती संपलेली नाही.

मंठ्याच्या मिस्तरीला या आंतरराष्ट्रीय टोळ्यांपासून फारसा धोका नाही. त्याला धोका आहे तो पाव्हण्यांपासून.

जाहिरात सुरू झाली की भाचा कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकतो, ‘मामाचं दुकान गूगलवर आलं, सगळ्यांनी बघा’. सगळे बघतात. दाजी शोधतात, दिसलं का म्हणून दाबतात, दिसलं, मग शेजाऱ्याला दाखवायला पुन्हा दाबतात. लोणारची आत्या दाबते. जिंतूरचे साडू दाबतात आणि वर स्क्रीनशॉट पाठवतात, खाली लिहितात, ‘अभिनंदन’. समजा एका क्लिकला आठ रुपये पडत असतील, तर त्या अभिनंदनाचे आठ रुपये साडूंनी नकळत मिस्तरीच्याच खिशातून काढले. शत्रू रागाच्या भरात एकदा दाबून थकतो. प्रेमाला थकवा माहीत नाही. अशा नातेवाइकांसाठी गूगलने जाहिरात नुसती बघायची वेगळी सोय ठेवली आहे, तिथे पैसे कटत नाहीत. पण "दाजी, दाबू नका, पैसे जातात" हे दाजींना सांगणार कोण? दाजी आयुष्यभर ऐकवतील.

दुसरा धोका शोधणाऱ्यांचा. जाहिरात लावताना ‘मोटार’ एवढाच शब्द मोकळा सोडला की सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं येतात, मोटारीला अनुदान किती ते विचारणारे येतात, सौर पंपाच्या यादीत आपलं नाव लागलं का ते बघणारे येतात. ही सगळी जिवंत, सज्जन, मतदार यादीत असलेली माणसं. फक्त त्यांची मोटार जळालेली नसते. इलाज साधा आहे. माणसं काय लिहून जाहिरातीपर्यंत आली, याची यादी गूगल दाखवतं. ती दर आठवड्याला वाचायची आणि ‘भरती’, ‘परीक्षा’, ‘अनुदान’, ‘योजना’ हे शब्द आले तर जाहिरात दाखवू नये, असं बजावून ठेवायचं. जाहिरात कुठे दिसावी, त्या रकान्यात ‘या भागात असलेले’ एवढंच निवडायचं. मुळात तिथे ‘या भागात रस असलेले’सुद्धा धरलेले असतात, आणि रस काय, अ‍ॅशबर्नलाही असतो. अवैध क्लिकांचा आकडा दाखवणारा एक कॉलम असतो, तो उघडून ठेवायचा. गूगलने स्वतःच ओळखून वगळलेले क्लिक तिथे दिसतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे फॉर्मची हौस सोडून जाहिरातीत फोन नंबर टाकायचा, आणि क्लिक मोजण्याऐवजी किती फोन आले ते मोजायचं.

हे सगळं भाच्याने केलं. पण मिस्तरीची यंत्रणा निराळी आणि जुनी आहे. गल्ल्याखाली त्याची एक वही असते. फोन आला की तो तीन गोष्टी लिहितो: गाव, किती एचपीची मोटार, आणि समोरच्याने भाव पाडला का. तिसऱ्या रकान्यात फुली नसेल तर त्या फोनवर तो विश्वास ठेवत नाही.

"कामून मामा?" भाचा विचारतो.

"जो एवढ्याला का म्हणून विचारत न्हाई, त्येला मोटार भरायचीच न्हाई."

या वाक्यात तुझिलिन यांची अडचण सुटते. क्लिकमागची नियत दिसत नाही, हे प्राध्यापकांचं म्हणणं बरोबर आहे. पण भाव पाडण्यात ती लख्ख दिसते. ज्याला घ्यायचं असतं तोच घासाघीस करतो. ‘मागल्या वेळेला कमी घेतले होते’, ‘जिंतूरला याच्यात बेअरिंगसुद्धा टाकून देतात’, ‘पैसे सोयाबीन गेल्यावर’ या तीन वाक्यांपैकी एकही न बोलता जो पूर्ण रक्कम मान्य करतो, तो एक तर बॉट असतो किंवा ठेकेदार.

बॉटही शिकतील. आता ते मराठीत बोलतात, उद्या भाव पाडतील, परवा सोयाबीनवर वायदा करतील. मिस्तरीला हे सांगितलं तर तो बिनघोर असतो. फोनवर कुणी कितीही गोड बोललं तरी त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "मोटार घेऊन या, बघून सांगतो." विहिरीतून काढलेली, चिखलाने माखलेली, जळक्या वार्निशच्या वासाची मोटार टेम्पोत टाकून वाटूर फाट्यावरून मंठ्याला आणणं अजून कुठल्याच बॉटला जमलेलं नाही.